सुनबाईच्या हातचा लग

कौतुकानं माणूस अडकतं, हे मला कुणी सांगितलंच न्हवतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर कवाच सुटले असते!

आमचं गॅरेज पिंपळीच्या पुढं, इंदापूर रस्त्याला. उसाची ट्रॉली कुठं रुतली, पलटी झाली, की आमची विंचची, म्हंजी बॅटरीवर चालणाऱ्या वढयंत्राची, जीप बोलावत्यात. सासऱ्यांना मी मामा म्हणते, बाकी गाव कुंडलिकतात्या म्हणतं. त्यांनी जल्मभर विंचच्या केबलीला लग छिन्नी-हातोड्यानं ठोकूनच बसवला. लग म्हंजी केबलीच्या टोकाला घालायचं तांब्याचं टोपण, ते बॅटरीवर बोल्टानं आवळायचं. ठोकलेला लग ढिला व्हायचा न् ऐन वढीत विंच बंद. लग्नाआधी मी लोणी देवकरला वायरिंगच्या कंपनीत हेच काम करत हुते. एकदा न राहवून मशीननं दाबून चांगला लग बसवून दिला. झालं! माझी अक्कल मलाच नडली.

तवापास्नं मामा सगळीकडं सांगत सुटले, "आमच्या सुनबाईच्या हातचा लग हाय, हत्तीनं वढला तरी निघायचा न्हाय." मधीच कंपनीतनं वृषाली मॅडमचा फोन आला, "परत कामावर यायचं तर सोमवारी हजर हो, न्हायतर दुसरी घेते." मामा म्हणाले, "जाशील की गं, हंगाम संपू दे." गेल्या सालीबी हंगामच संपत हुता! माझा नवरा अविराज तर बापापुढं कायमचा मुका. घरातली भांडीकुंडी मला खायला उठली.

मग डोसक्यात आलं, लगच बिघडवायचा. शनिवारी नवी केबल करायची हुती, अंगठ्याएवढी जाड. रबर सोललं, निम्म्याच तारा लगात घातल्या, निम्म्या मागं दुमडल्या. मशीनचा दांडा हलकाच दाबला न् झाकायला वर काळी प्लास्टिकची नळी चढवून तापवून आवळली. बाहेरनं कसं झ्याक! वढ लागली की तापंल, विंच थांबंल, मामा बोंबलतील, "हिला काय बी येत न्हाय, जाऊ द्या हिला." एवढंच पाहिजे हुतं मला.

त्याच दिशी दुपारी ट्रॉली खड्ड्यात गेली. मलाबी जीपमधी घातलं, माझ्याबिगर आता जीप हलतीय व्हय! मामांनी बटन दाबलं, विंच कण्हायला लागला. अविराज बॉनेट उघडून बॅटरीवर वाकला हुता. जळक्या रबराचा वास आला. केबल लगातनं निसटली की ठिणगी उडणार, बॅटरी फुटली तर सगळं ॲसिड ह्याच्या तोंडावर. मेलीनं मी एवढा इचारच केला न्हवता.

"बंद करा! आवो, मागं सरा!" मी जीव खाऊन वरडले.

मामांनी बटन सोडलं. अविराजनं फडक्यानं केबल धरली, तर लग बॅटरीवरच राहिला आणि केबल हातात आली. नळी वितळून गेली हुती.

"मामा, म्या मुद्दाम ढिला ठेवला," मी रडत सांगून टाकलं. "मला कामावर जायचं हाय. म्हणून केलं."

मामा माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता चप्पल निघती. निघू दे! पण ते हसले न् ट्रॉलीवाल्याला म्हणाले, "बघितलं का? नुसत्या वासावरनं वळखलं! आन वर आमची चूक आपल्या अंगावर घेती. केबलच हलकी निघाली असंल."

"मामा, देवाशप्पथ, मीच..."

"गप गं येडे. माझ्या पोराचा जीव वाचवलास."

मी अविराजकडं बघितलं. केबलीचं टोक त्याच्या हातात हुतं. मागं दुमडलेल्या तारा त्याला साफ दिसत हुत्या, आंधळ्यालाबी दिसल्या असत्या. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग अंगठ्यानं त्या तारा एकेक करून सरळ केल्या.

"तात्या म्हणत्यात ते बरोबर हाय," तो म्हणाला न् केबल माझ्यापुढं धरली. "चल, नवा लग लाव."