ऐकण्याचा तास

नर्सिंग कॉलेजात या तासाला पोरी वेण्या नीट बांधून येत. एरवी प्लास्टिकच्या पुतळ्याला सुया टोचायच्या आणि चुकलं की त्याच्या रबरी हाताला "सॉरी हं" म्हणायचं. या तासाला मात्र खरा पेशंट येई. कॅन्सर घेऊन जगणं म्हणजे काय, ते जगणाऱ्याच्याच तोंडून ऐकायचं. मॅडमचा नियम एकच, ऐकताना वकील व्हायचं नाही. उलटतपासणी नको, सल्ला नको, औषधांची नावं नकोत. "इथे माणूस ऐका," त्या म्हणत, "आजार वॉर्डात ऐकालच."

आणि पेशंट म्हणजे बहुतेक वेळा टेलरमावशी. बायकांचे कपडे शिवणारी, एक स्तन काढलेली, पण जिभेला टाका घालणं कुणाला जमलेलं नाही अशी.

"कापाकापी जन्मभर मीही केली," ती सुरुवातीलाच सांगे, "पण मी गिऱ्हाइकाला विचारून कापते गं!" पोरी खो खो हसत. दर बॅचला तोच विनोद आणि दर बॅचला तेवढंच हसू.

त्या दिवशी मावशीसमोरच्या खुर्चीत बसायची पाळी घुमीची होती. तिला सगळा वर्ग घुमीच म्हणे. चार बहिणींतलं शेंडेफळ, घरात बोलायला कधी नंबरच लागला नाही, त्यामुळे ओठांवर आलेलं गिळायची सवय अंगात मुरलेली.

"हिला बसवलंत होय?" मावशी मॅडमना म्हणाली. "म्हणजे आज दोघींचं मलाच बोलावं लागणार."

आणि बोलली ती. नवरा अजून तिच्याकडे पाठ करून झोपतो, रागानं नाही, धक्का लागेल या भीतीनं. पोरीचे दुधाचे दात पडताहेत. अंघोळीच्या वेळी ती आईच्या सपाट बाजूवर हात ठेवून विचारते, "आई, माझा दात येतोय बघ. तुझं कधी येणार?"

"काय सांगायचं तिला?" मावशी हसली, मग हसायची थांबली. "आणि आता ही पाठ. छातीभोवती कुणी नाडी आवळून बांधावी तसं होतं. आडवी झाले की जास्तच. काल मशीनवर पाय ठेवला, तर पाय माझा वाटेचना. मशीन थांबली तेव्हा कळलं, पाय कधीच घसरलाय. आज तुमचा जिनासुद्धा कठडा धरधरून चढले."

पाठ, आवळल्यासारखं, पाय. घुमीनं कुठंतरी वाचलं होतं हे. 'लघवीला नीट होते का?' हा प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला. पण ही उलटतपासणीच झाली असती, आणि कोपऱ्यात मॅडम पेन उघडून बसल्या होत्या. घुमीनं प्रश्न गिळला, पुढे वाकून मावशीच्या हातावर हात ठेवला आणि शिकवलेलं वाक्य जमेल तितक्या मायेनं म्हटलं, "मावशी, हे सगळं एकटीनं सोसणं किती अवघड जात असेल."

मावशीचे डोळे भरून आले. "जातं गं," ती म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं. "बघा," मॅडम म्हणाल्या, "याला म्हणतात ऐकणं." घुमीला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. तिचे कान लाल झाले. जाताना मावशीनं तिचा गाल कुरवाळला. "बरं झालं बाई, सांगून टाकलं. मोकळी झाले."

पुढच्या आठवड्यात घुमीची ड्युटी खालच्या हॉस्पिटलात, तातडीच्या विभागात लागली. सकाळी स्ट्रेचर आत आलं. त्यावर मावशी होती आणि बाजूला तिचा नवरा, एक बटण चुकवून घातलेल्या शर्टात.

"उठून उभीच राहीना," तो सांगत होता. "कालपासून लघवीही तुंबलीय."

डॉक्टर तरुण होता, त्याला बसायलाही वेळ मिळालेला दिसत नव्हता. त्यानं मावशीचे पाय उचलून पाहिले. ते ओल्या कपड्यासारखे खाली पडले.

"आधी काही जाणवलं नाही का? मुंग्या, जडपणा?"

"जाणवलं ना."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की!" मावशी चिडलीच. "इथंच येऊन सांगितलं, वर कॉलेजात. इतक्या जणी बसल्या होत्या, मॅडमसुद्धा. म्हटलं, त्या खाली कळवतील. काही निरोप आला नाही, तेव्हा वाटलं, काळजीचं नसेल."

"मी म्हणत होतो, डॉक्टरांना दाखवू," नवरा म्हणाला. "तर ही म्हणे, दाखवून झालंय."

घुमीच्या हातात सलाईनची बाटली होती. "मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्यासमोर बसून."

डॉक्टरनं मान वळवली. "आणि?"

"आणि मी ऐकलं."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. सूज उतरवायचं इंजेक्शन त्यानं स्वतःच दिलं, मणक्याच्या स्कॅनची सोय लावली, सर्जनला बोलावणं धाडलं. मग घुमीला पडद्याबाहेर घेऊन तो खालच्या आवाजात म्हणाला, "आजार मणक्यात गेलाय, मज्जारज्जू दाबला जातोय. चालत आलेला पेशंट बहुधा चालता राहतो. पाय गेल्यावर आलेला..." पुढचं त्यानं तसंच सोडलं. "स्पर्श कुठून कळतो ते बघ, पेनानं रेघ मार. थोड्या थोड्या वेळानं तपासत राहा. रेघ वर सरकली, म्हणजे बधिरपणा चढतोय, तर क्षणही न थांबता मला बोलव."

मॅडम निरोप मिळताच धावत आल्या, पण पडद्यापाशीच थिजल्या. त्यांना आत पाऊल टाकवेना.

घुमीनं कापसाचा बोळा ओला केला. तळपाय, घोटा, नडगी.

"मावशी, कळतंय का?"

"अगं, सुरू तर कर."

"सुरू केलंय, मावशी."

गुडघा गेला, मांडी गेली, ओटीपोट गेलं. बेंबीच्या खाली ती एकदम म्हणाली, "हां, गार!" जणू हरवलेलं काही सापडलं. घुमीनं रेघ मारली.

सर्जन दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. नवरा पायाशी उभा राहून बायकोची बोटं चोळत होता. तिला ते कळत नाही, हे त्याला कुणी सांगत नव्हतं.

घुमीनं पुन्हा बोळा फिरवला. रेघेवर "गार" आलं नाही. बेंबीवरही नाही, त्याच्याही वर गेल्यावर आलं.

"चेहरा का असा झाला तुझा? रेघ वर गेली का गं?"

ते मायेचं वाक्य पुन्हा जिभेवर येऊन बसलं. घुमीला त्याची शिसारी आली.

"गेली, मावशी. चांगली चार बोटं."

मावशीनं तिचा एप्रन मुठीत धरला. "मग पोरीला शाळेतून कोण आणणार? मीच जाते ना गं रोज. ती दुसऱ्या कुणाबरोबर येत नाही, फाटकाला धरून बसते. तू ऐकशील ना? नीट ऐक..."

"मावशी, सोडा. मला जाऊ द्या. सोडा ना!"

घुमीनं ती बोटं एकेक करून उलगडली आणि "डॉक्टर! डॉक्टर!" असं घसा फाटेस्तोवर ओरडत धावत सुटली. मागे पडद्याआडून मावशीचा आवाज येतच होता. शाळेचं फाटक कुठलं, पोर कुठल्या बाजूला उभी असते, ते ती सांगत होती.