पाणी पिकलं

ठाण्यात तीन दिवसांचा एक छोटा महोत्सव भरणार होता. देशोदेशीचे अकरा सिनेमे, सगळे अन्नाचे नि पाण्याचे. कोण पिकवतं, कोण पितं, कोण अडवतं. त्यातल्या एका सिनेमाच्या, पडद्यावर संवादाखाली उमटणाऱ्या मराठी ओळी लिहायचं काम ठाण्यातल्याच बाळकुमच्या जागृतीकडे आलं. महोत्सव भरवणारे कमलेश सर डोंबिवलीच्या कॉलेजात तिला शिकवत असत. शब्दाला जपणारी मुलगी म्हणून ती त्यांच्या लक्षात होती.

सिनेमा दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या मिठागरांचा, तिथल्या गावठी बोलीतला. जागृतीला आधार फक्त इंग्रजी ओळींचा. मिठागर एका कंपनीने घेतलंय, गावकरी आपल्याच जागेत मजूर झालेत, आणि उन्हातान्हात राबणाऱ्यांना प्यायला गोडं पाणी द्यायचीही कंपनीची तयारी नाही. शेवटी एक म्हातारी वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवते, चाखते आणि म्हणते, "संपलं." सगळी माणसं हातातली अवजारं ठेवून मुकाट निघून जातात. बस्स, सिनेमा खलास.

मिठागरातले शब्द काही केल्या जमेनात, तेव्हा जागृती लॅपटॉप घेऊन आजीपाशी गेली. गोदा आजीची अर्धी हयात बाळकुमच्या मागच्या मिठागरात गेलेली. आता तिथे टॉवर उभे होते आणि त्यातल्याच एकाच्या चौदाव्या मजल्यावर हे कुटुंब राहत होतं. घरात मिठाचा विषय कुणी काढत नसे. "झालं गेलं, कशाला उकरायचं?" असं जागृतीचे वडील म्हणायचे. त्यामुळे विचारतानाही ती जरा चाचरलीच.

आजीने मात्र पदर सावरला आणि स्क्रीनवर डोळे रोवले. मध्येच हसली. "बग, बांध किती कच्चा घातलाय. भरतीला जाईल." शब्दामागून शब्द सांगत गेली. शेवटची म्हातारी आली, तिने बोट चाखलं, तशी आजीने विचारलं, "काय म्हनली ती?"

"संपलं म्हणाली."

"हॅट! संपला कसा? पानी लाल जाला, वरती साय धरली, दिसत नाय तुला? पिकला पानी. दोन दिवसांत मीठ बसंल."

"मग ते लोक निघून का जातात?"

"म्हनून तर जातात, बाय." आजी खुर्चीत पुढे सरकली. "पीक हाताशी आलंय नि हात काढून घेतला. आता मालक काय करंल? पाऊस पडला तं सगला वाहून जाईल. आमी पन एक साल असाच केलता. तुजा आजा काळुराम पुढं होता. खाडीचा पानी चहूकडं, नि प्यायला थेंब नाय. चौथ्या दिवशी गोड्या पान्याचा टँकर आला."

जागृतीने शेवटचं दृश्य पुन्हा लावून पाहिलं. हरलेल्या माणसांचा म्हणून तिने लिहिलेला सिनेमा एका शब्दाने उलटा झाला होता. आणि आजोबांची ही गोष्ट आजवर तिला कुणी सांगितलीच नव्हती.

कमलेश सरांना तिने फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, पण ते कचरले. "अगं, मूळ भाषा तुला येत नाही, मला येत नाही. आजी म्हणाल्या म्हणून बदलायचं?"

"सर, पाणी बघून म्हणाली ती."

"दिग्दर्शिकेला विचार."

जागृतीने मेल केली. एकदा, दोनदा. उत्तर नाही. सर अखेर म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर ठेव. कुणी विचारलं तर उत्तर तुलाच द्यावं लागेल." तिने "पाणी पिकलं" लिहिलं खरं, पण तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरेना.

रविवारी दुपारी हॉल बऱ्यापैकी भरला. जागृती आजीला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली. सिनेमा संपला, दिवे लागले आणि पडद्यावर व्हिडिओ कॉलवरून दिग्दर्शिका दिसू लागली. एक गृहस्थ लगेच उठले. "हा सिनेमा मी पूर्वी पाहिलाय. इंग्रजीत म्हातारी 'संपलं' म्हणते. इथे 'पिकलं' कसं? हा तर सरळ अर्थाचा अनर्थ झाला."

सरांनी जागृतीकडे एकदा पाहिलं आणि प्रश्न इंग्रजीत पुढे केला.

दिग्दर्शिका कॅमेऱ्याकडे झुकली. मग तिने विचारलं, "तुमच्या भाषेत नेमकं काय लिहिलंय? मला समजावून सांगा." सरांनी सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि ती हसत सुटली.

"चार वर्षं लोक माझं सांत्वन करताहेत, किती दुःखी शेवट म्हणून! इंग्रजी ओळी आमची बोली न येणाऱ्या राजधानीतल्या कुणीतरी घाईत लिहिल्या, आणि मी त्या कधी तपासल्याच नाहीत. झाडावर पिकलेल्या फळाला आमच्या गावात जो शब्द वापरतात, तोच ती म्हातारी पाण्याला वापरते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

जागृतीने आजीचा हात धरून तिला उभं केलं. आजीला माइकबिइक काही नको होता. "तिला विचार," ती म्हणाली, "मीठ उचलला का शेवटी? का पावसात गेला?"

"उचललं," दिग्दर्शिका म्हणाली. "सगळं. गावकऱ्यांनीच. पण आधी कंपनीने गावापर्यंत नळ आणला."

"बरा जाला," आजी म्हणाली आणि खाली बसली. मघाचे गृहस्थ टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच सुरू केल्या होत्या.

बाहेर आल्यावर सर काहीतरी बोलत होते, पण जागृतीचं लक्ष कोपऱ्यावरच्या गाडीकडे गेलं. दोन दिवसांनी तिला प्रथमच कडाडून भूक लागली होती. तिने दोन वडापाव एकामागोमाग एक संपवले, आणि आजी तिला टँकर आला त्या दिवसाचं सांगत राहिली: काळुराम सगळ्यांना ओंजळीने पाणी पाजत होता नि स्वतः प्यायचंच विसरला होता.