उस्तादांचा शेला

"मान डावीकडे. आणि डोळे मिटायचे नाहीत हं, उस्ताद," असं म्हणत डॉक्टर नसीबानं सोलिजोनला खाटेवर धाडकन आडवं केलं.

छत गरगरा फिरू लागलं. अंदिजानच्या जत्रांमध्ये उंच दोरावर चालण्यात सारा जन्म गेलेल्या त्या माणसानं खाटेची कड घट्ट धरली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दृष्ट लागलीय हो यांना," त्याची बायको सओदत म्हणाली. "इसिरिकच्या पाल्याची धुरी दिली, डोक्यावरून तीनदा फिरवली. तर तिसऱ्या फेरीला हे धुपाटण्यावरच पडले!"

"धुरी फिरवताना मान फिरली ना, म्हणून," डॉक्टर हसली. "कानाच्या आत बारीक नळ्या असतात, त्यांत पाणी. आपण कुठं कललो ते त्या पाण्यावरून मेंदूला कळतं. शेजारीच वाळूसारखे बारीक खडे असतात; तुमचे ते जागचे सुटून त्या नळीत शिरलेत. मान वर केली की खडे हलतात, आणि कान खोटं सांगतो."

तिनं त्याची मान सावकाश फिरवत खडे जागेवर बसवले. छत थांबलं.

"म्हणजे नवरोजच्या जत्रेत दोरावर चढू?"

"पुन्हा कधी सुटतील ते मला सांगता यायचं नाही. एकटे असतात का वर?"

 शेवटच्या खेळात तो मुलीला, ओयनिसाला, खांद्यावर घेऊन दोर पार करायचा. खाली जाळी नाही, कमरेला दोरी नाही. सात पिढ्यांची ती ऐट होती.

नवरोजच्या सकाळी पायात बूट चढवायला तो वाकला आणि अंगण कललं. कुणाला कळलं नाही. न सांगता चढावं, असं एकदा मनात आलंच. मग ओयनिसा त्याच्या खांद्यावर जिथं बसायची ती जागा त्यानं चाचपली.

मैदानात ढोल थांबला. दोराखाली उभं राहून लोकांचा आशीर्वाद मागायची वेळ झाली. सोलिजोननं कमरेचा शेला सोडला आणि ओयनिसाच्या कमरेला बांधू लागला. गर्दी चिडीचूप झाली. दोरावर चालणाऱ्या दोरबाजांच्या घरात ज्यानं दुसऱ्याला शेला बांधला, तो पुन्हा चढत नाही.

"बाबा, अहो, हे काय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढच्या वर्षी बांधा ना."

"गप्प उभी राहा. गाठ सैल पडेल." त्यानं तोलाची लांब काठी तिच्या हातात दिली. "दोराच्या टोकाकडे बघत जा. माझ्याकडे बघू नकोस."

लोकांनी हात वर केले. "आमिन!" म्हणताना सोलिजोनचा आवाज फुटला.

ती चढली.

"अहो, बघा तरी वर! काय सुरेख चाललीय पोरगी!" सओदतनं त्याचा हात ओढला.

त्यानं मान उचलली. आभाळ फिरलं, दोर फिरला, तो सओदतच्या खांद्यावर कोसळता कोसळता सावरला. ज्या क्षणासाठी त्यानं लेकीला घडवलं, तोच त्याला बघता येणार नव्हता. त्याला रडू आलं.

मग समोरच्या धुळीत त्याला दोराची बारीक सावली दिसली. तिच्यावर काठी धरलेली ओयनिसाची सावली. मध्यावर येऊन ती थांबली आणि थरथरली.

सोलिजोन श्वास रोखून उभा राहिला. सावली पुढं सरकली, तसा तोही हात पसरून तिच्या बाजूनं चालू लागला.