खर्चात पहिला नंबर

जिल्ह्यातल्या सरकारी हायस्कुलांचा प्रति विद्यार्थी खर्च काढून कुणीतरी मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर टाकला आणि त्यात शेलारमळ्याचं हायस्कूल पहिलं आलं. मुख्याध्यापिका सुलक्षणाबाईंचा चहा तिथंच निवला.

मुलं सत्तावीस, शिक्षक चार. चौघंही वीस वर्षं मुरलेले, त्यामुळे पगारही मुरलेले. त्या पगारांना मुलांनी भागलं की जो आकडा येई, त्यात प्रत्येकाला पाचगणीच्या बोर्डिंगात ठेवता आलं असतं. रांजणगावच्या कारखान्यांकडच्या हायस्कुलात मुलं नऊशे, शिक्षक बहुतेक नवे, मानधनावरचे. तिथला आकडा याच्या पावही नव्हता. तिथं कंपनीनं दिलेले संगणक होते, ते हिशेबात नव्हते. इथं संडासाला पाणी नव्हतं, तेही हिशेबात नव्हतं.

आकड्यांखाली शिक्षणाधिकारी साहेबांनी लिहिलं होतं : 'शुक्रवारी शेलारमळ्याला येतो. खर्च परवडणारा नसेल तर शाळा पुलापलीकडच्या हायस्कुलात विलीन.'

पूल भीमेवरचा, अरुंद आणि डंपरच्या मालकीचा. पलीकडं शिरूर तालुका. शाळा तिकडं गेली की मुलगे सायकलीवर जातील. नववीतली ज्ञानेश्वरी आणि तिच्यासारख्या इतर जणी घरी बसतील, मग मांडवात. सुलक्षणाबाईंनी रात्रभर कूस बदलली आणि सकाळी सरपंच संपत आप्पांचं घर गाठलं. गावानं इंग्लिश मीडियमची चार पोरं तरी परत द्यावीत, एवढंच मागायचं होतं.

"आप्पा, प्रति विद्यार्थी खर्चात आपली शाळा जिल्ह्यात पहिली आलीय, म्हणून–"

"पयली?" आप्पा खाटेवरून उठलेच. "जिल्ह्यात? आवं मॅडम, मग हळू काय सांगताय?"

"पूर्ण ऐका तरी–"

"ऐकायचं काय त्यात! खुटबाववाल्यांना कळू द्या आता."

शेलारमळ्यात बारशापासून दहाव्यापर्यंत सगळ्याचा फ्लेक्स लागतो. हा तर जिल्ह्यातला नंबर होता. संध्याकाळपर्यंत एक फ्लेक्स खुटबावच्या फाट्यावर लागला आणि दुसरा थेट पुलापलीकडं, न्हावऱ्याच्या रस्त्याला. 'प्रति विद्यार्थी खर्चात जिल्ह्यात प्रथम!' आप्पा मोबाइल कानाला लावून हसत होते; खाली तेरा शुभेच्छुक; कोपऱ्यात आधार कार्डावरच्या फोटोतल्या सुलक्षणाबाई, अटकेत असल्यासारख्या.

"उतरवा तो, आप्पा. तो गुन्हा आहे आपला. त्याच्यासाठीच शाळा बंद करतायत."

"खर्च केला म्हणून?" आप्पांनी त्यांच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, खर्च केला म्हणून आजवर या तालुक्यात कुणाचं काय बंद झालंय?"



दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात मोटरसायकली उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढं पुलापलीकडच्या गीताबाई, नातू साईचं मनगट धरून.

"बाई, एवढा खर्च करताय, तर पोराला नेमकं देताय काय?"

सुलक्षणाबाईंना खोटं सुचेना. "आम्हाला देतो."

"म्हंजी?"

"सगळा खर्च आमच्या पगाराचा आहे, मावशी. दुसरं काही नाही. संडासाला पाणीसुद्धा नाही. वीस वर्षं शिकवलेली चार माणसं आहेत, बस."

गीताबाई विचारात पडल्या. "साईच्या शाळंत दरसाली नवी पोरगी येती शिकवायला. लगीन ठरलं का गेली. यंदा गणिताला तिसरी हाय. तुम्ही कवा जाणार?"

"निवृत्त होईपर्यंत कुठं जाणार?"

"लगीन?"

"झालंय."

"मग लिव्हा नाव. पाण्याचं आप्पाला सांगते मी, फोटूत लय हसतोय."

शुक्रवारी साहेब आले तेव्हा मुलं अठ्ठावन्न होती. साहेबांनी मोबाइलवर भागाकार केला, चेहरा मोकळा झाला. "खर्च निम्म्यावर! काय केलंत मॅडम?"

"काही नाही, साहेब. तेवढाच केला."

साहेबांनी 'उत्कृष्ट काटकसर' असा शेरा मारला आणि निघाले. ज्ञानेश्वरीनं खिडकीतून गाडी वळेपर्यंत पाहिलं, मग वही उघडली.

आप्पा मात्र पायरीवर बसून होते. "म्हंजी पयला नंबर गेला? फ्लेक्स वाळला न्हाई अजून. ही पोरं घेतलीत कशाला एवढी?"

सुलक्षणाबाईंनी कित्येक दिवसांनी गरम चहा तोंडाला लावला आणि फोन वाजला. पुलापलीकडच्या मुख्याध्यापिका, स्वप्नालीबाई. दोघी बी.एड.ला एका खोलीत होत्या.

"सुलू, माझी पोरं तुझ्याकडं आलीत ना?"

"आलीत गं. मी बोलावली नाहीत."

"माहितेय. आता माझ्याकडं चोवीस उरलीत. साहेब सोमवारी येतायत. तुझ्यात विलीन करायचं म्हणतात. माझ्याही पोरी पूल ओलांडणार नाहीत, सुलू."

सुलक्षणाबाईंनी कप खाली ठेवला.

"ऐक," स्वप्नालीबाई म्हणाल्या, "तो फ्लेक्सवाला कोण? त्याचा नंबर पाठव."