सातवी पिशवी

"रोज्याच्या दिवसांत दुपारी तीनला कोण पाहुणा येतो?" आमचे हे, कासम, माझ्या कानाशी पुटपुटत होते. "साधं पाणी विचारायची सोय नाही. आणि म्हणे सरकारी माणूस."

"तुम्ही तांदूळ मोजा," मी म्हटलं.

ईदला चार दिवस होते. इकडे आखातात, सूर शहरात, आमचं दुकान खाली, बिऱ्हाड वर. हॉलमध्ये चादर अंथरून फित्र्याचे तांदूळ काढले होते. घरातल्या प्रत्येक जिवंत माणसामागे एक माप, ईदच्या नमाजीआधी गरिबाघरी पोचवायचं. आम्ही दोघं, आमची दोन मुलं, थोरली जाऊ साबेराभाबी, तिची माहनूर. माणसं सहा. पिशव्या सात.

सातवी शरीफभाईंची, माझ्या थोरल्या दिरांची. माल घेऊन ते आफ्रिकेतल्या एका बंदरात जायचे. देशाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. चौदा वर्षांपूर्वी तिथल्या शिपायांनी त्यांना उचललं. पुढे तिथलं राज्य उलथलं, नवं सरकार आलं, सत्य शोधायला आयोग बसला. त्यांच्याच कोठडीतल्या एका गवंड्याने साक्ष दिली, की तुरुंगाच्या मागच्या अंगणात काय झालं. माहनूरने ती याच हॉलमध्ये मोबाइलवर लावली होती. संपल्यावर मी उठून चहा टाकला. त्यावर पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही.

आयोगाने शिफारस केली होती: कुठे, कधी, कुणाच्या हातून, हे सरकारने प्रत्येक घरी जाऊन लेखी सांगावं. आमच्या फार सोयीची शिफारस. सरकार बोलणार, म्हणजे आम्हाला बोलायला नको. सरकारला सात वर्षं लागली. तोवर दर रमजानला कासम सातवी पिशवी भरत राहिले, आणि भाबी तिची गाठ मारत राहिली.

त्या देशाच्या वकिलातीतला माणूस मऊ आवाजाचा निघाला. बूट बाहेर काढून, तांदळाला वळसा घालून बसला. पत्र इंग्रजीत होतं. माहनूर इथेच शिकलेली, तिचं मराठी अडखळतं.

"आपले नातेवाईक… मिळत नाहीत. ते… हयात नसण्याची शक्यता आहे." तिने पान उलटलं. "आयोगाची शिफारस क्रमांक एकसष्ट, पूर्ण झाली, असं लिहिलंय. खाली अम्मीची सही पाहिजे."

"जागा लिहिलीय?" भाबीने विचारलं.

"नाही."

"तारीख?"

"नाही."

"कुणी, ते?"

माहनूरने नुसती मान हलवली. तो माणूस हळूच काही म्हणाला. माहनूरने सांगितलं, "घरच्यांना धक्का नको, म्हणून शब्द जपून निवडलेत, म्हणतात."

मला हसू येत होतं. सात वर्षं आम्ही तरी दुसरं काय केलं होतं? आमच्याकडे शिक्का नव्हता, एवढंच.

"करून टाका सही, भाबी," कासम म्हणाले. "खलास. एक कागद तरी हातात येईल. आणि शक्यता म्हटलंय ना, म्हणजे अजून…"

त्यांनी तांदळाचं माप पुन्हा हातात घेतलं.

भाबीने पेनाला टोपण लावलं आणि ते पत्रावर आडवं ठेवलं. मग चादरीवर बसली. सातव्या पिशवीची गाठ घट्ट होती, तिचीच. नखाने सुटेना तेव्हा दातांनी सोडवली. तांदूळ परत पोत्यात ओतले, पिशवी झटकली, तिची चौकोनी घडी घातली. त्या माणसाने माहनूरला काहीतरी विचारलं.

"बाई काय करतायत, विचारतोय ना?" भाबी म्हणाली. "सांग त्याला. आणि कासम, तुम्हीही ऐका. या घरात माणसं सहा. हिच्या अब्बांना मारलंय. त्यांच्या तुरुंगात, मागच्या अंगणात, गोळी घालून मारलंय."