दोन बोटं माया

शिवणाऱ्या बाईला माणसं नंतर दिसतात, आधी मापं दिसतात. धाकटीचं तसंच होतं. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की तिच्या मनात पहिल्यांदा यायचं, डावा खांदा पाऊण इंच खाली. नाव मागाहून आठवायचं. घरातल्या दोन सुनांपैकी ही लहान म्हणून धाकटी. मशीनवर वाकून वाकून केस पिकले, तरी ते नाव काही मोठं झालं नाही. चार मजली इमारतीच्या तळाशी तिची एका खोलीची शिवणाची जागा होती. एक मशीन, कापायचं टेबल आणि पडद्यामागे आरसा. विद्या वडिलांची. कापडात चुकलात तर कापड जातं, मापात पाप केलंत तर गिऱ्हाईक जातं, असं ते म्हणायचे, आणि धाकटीने निम्मं आयुष्य ते ऐकलं.

मग दुसऱ्या मजल्यावर जिम आली. तिथला कोच चांगला गोडबोल्या. त्याचा शर्ट दोन मापं लहान असायचा, आणि ते चुकून नव्हतं. त्याने बायकांसाठी बारा आठवड्यांचा एक कार्यक्रम काढला होता: ज्याच्या त्याच्या अंगाच्या ठेवणीप्रमाणे व्यायाम आणि चरबी कमी. भिंतीवर तीन मोठी चित्रं. पोटाने जाड ती सफरचंद, मांड्यांनी जाड ती नाशपाती, सरळसोट ती केळं. जिने चढून दम लागलेल्या बाईला क्षणभर वाटायचं, आपण फळवाल्याकडेच आलो की काय.

कोचच्या हातून पोटाचं माप घ्यायला बायका तयार होईनात, म्हणून त्याने खालून धाकटीला बोलावलं. आठवड्यातून दोन सकाळी तिने वर यायचं, मापं घ्यायची आणि ज्या त्या बाईच्या कार्डावर लिहायची. तीन जातींचं ऐकून धाकटीला हसूच आलं. इतक्या वर्षांत एका मापाच्या दोन बायका तिने पाहिल्या नव्हत्या. दोन कशाला, एका बाईचे दोन दंडसुद्धा सारखे नसतात. पण तिला विचारतो कोण? माप घेणाऱ्याने माप घ्यावं.

पहिल्याच आठवड्यात कोचने तिला बाजूला घेतलं.

"तुम्ही टेपखाली दोन बोटं घालता ना, ताई?"

"घालते की. कपडा सैल नको? माणसाला श्वास घ्यायचा असतो."

"तर पहिल्या दिवशी घालायची. पुढच्या मापाला नाही घालायची. एवढंच."

"हे खोटं झालं."

"खोटं कसलं, हुरूप म्हणायचं याला. आकडा कमी दिसला की हुरूप येतो, हुरूप आला की माणूस घाम गाळतं आणि मग आकडा खरंच कमी होतो. आपण फक्त जरा आधी सांगतो."

धाकटीला त्या दिवशी राग आला होता. पण दोन महिन्यांत तिने पाहिलं, काही बायका खरोखरच बारीक झाल्या. दीड इंच कमी ऐकून एक बाई तर जिना उतरताना गुणगुणत होती. मग तिचा राग निवळला. माणसाचा राग असाच असतो, निवळायला निमित्तच हवं असतं.

आणि अशात थोरली आली.

थोरली म्हणजे मोठी जाऊ. एका हॉटेलच्या स्वागत-टेबलामागे तिने बावीस वर्षं काढलेली. कपाळावर आठी न आणता चौघांशी चार तऱ्हेने बोलण्याची कला तिला होती आणि तिला ती ठाऊकही होती. लग्न होऊन धाकटी घरात आली तेव्हा पाहुण्यांसमोर तीच म्हणाली होती, "बरं झालं, आता उसवलं-फाटलं घरच्या घरी." सगळे हसले होते. धाकटीही हसली होती, पण तो टाका तिच्या मनातून कधी उसवला नाही.

थोरलीने कोट टेबलावर टाकला. हॉटेलचा गणवेश, निळा, पोटावर एक बटण.

"लागत नाही," ती म्हणाली. "नव्या मॅनेजरने सांगितलंय, तीन महिन्यांत बटण लावून दाखवा, नाहीतर मागे चादरी मोजायला. जरा सोडव."

शिवणीच्या आत दुमडून जास्तीचं कापड ठेवतात, पुढे कधी कपडा मोठा करायचा तर उपयोगी पडावं म्हणून. त्याला माया म्हणतात. धाकटीने कोट उलटा करून बघितला. ती माया तिने स्वतःच तीन वेळा सोडवली होती.

"वहिनी, यात माया उरलेली नाही."

"कुणात उरलीय," थोरली म्हणाली, आणि दोघीही हसल्या. मग थोरलीचं हसू मध्येच बंद पडलं. बावीस वर्षांत ती प्रथमच धाकटीसमोर खुर्चीत बसली, कोट मांडीवर घेऊन. "मागे चादरी मोजत मी मरेन गं," ती हळूच म्हणाली.

धाकटी बोलून गेली, "वर जिम आहे. मापं मीच घेते. कोट मोठा होत नाही तर तुम्ही लहान व्हा." यातला टोमणा किती आणि माया किती, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

कोचने थोरलीला एकदा नखशिखांत पाहिलं आणि सांगितलं, सफरचंद. तिच्या कार्यक्रमात सकाळी भरभर चालणं, पाठीवर झोपून पाय उचलणं, कोपरांवर अंग तोलून धरणं, असं सगळं आलं. धाकटीने दोन बोटं घालून पोटाचं माप घेतलं आणि कार्डावर बेचाळीस लिहिलं.

चार आठवड्यांनी बोटं न घालता मापलं. साडेचाळीस.

थोरलीला स्वर्ग दोन बोटं उरला. तिने आकडा दोनदा विचारला, मग नवऱ्याला फोन करून सांगितला, आणि फोन ठेवल्यावर धाकटीचा हात दाबला. तो हात धाकटीला बराच वेळ जाणवत राहिला. खरं सांगायचं तर तिला त्या स्पर्शापेक्षा दुसरंच काहीतरी गोड लागलं होतं. आज थोरलीचं सुख तिच्या जिभेवर होतं. ती सांगेल तो आकडा.

थोरली जिद्दीने करत होती. जेवण निम्म्यावर आलं होतं. भूकच लागत नाही म्हणायची, दोन घासांत पोट भरतं. दंड बारीक झाले, गळ्याची हाडं वर आली, चेहरा लहान झाला. कोच बाकीच्या बायकांना तिचे दंड दाखवायचा. आठव्या आठवड्यात धाकटीने तिच्या पोटाभोवती टेप फिरवली आणि ओढली. टेप साडेएकेचाळीसवर थांबली. वाढलं होतं. धाकटीने आणखी ओढली तरी फरक नाही. कोच दारात उभा होता, थोरली श्वास रोखून कार्डाकडे बघत होती. धाकटीने चाळीस लिहिलं. बोटांवर सुरू झालेलं काम असं पेनावर गेलं.

"पण बटण का लागत नाही मग?" थोरलीने विचारलं.

"सफरचंदाचं पोट सगळ्यात शेवटी जातं," कोच म्हणाला. "ठेवणच तशी. आधी हातपाय, मग पोट."

धाकटीने इस्त्री करून देते म्हणून कोट मागून घेतला आणि बटण उसवून सव्वा इंच कडेला सरकवलं. बटण लागलं. मॅनेजर काही बोलला नाही. थोरली पुन्हा स्वागत-टेबलामागे ताठ बसू लागली.

बाराव्या आठवड्याला जे झालं ते धाकटी पुढे रोज आठवणार होती. चरबी हाताला कळते. तिच्यात टेप रुतते, ती बाजूला सरते, जागा देते. धाकटीने टेप आवळली आणि ती रुतलीच नाही. कपड्याखाली पोट ताणलेलं, गच्च, पाणी भरून तोंड बांधलेल्या पिशवीसारखं. वर काड्यांसारखे दंड आणि खाली हे. असं अंग तिने याआधी कधी मापलं नव्हतं. ही जाडी नव्हे, हे तिच्या हाताला त्याच क्षणी कळलं. तिने जोर लावला तसा थोरलीचा चेहरा आक्रसला.

"दुखलं का, वहिनी?"

"नाही. ओढ तू."

धाकटीने ओढली. टेपवर त्रेचाळीस होते. तिने एकोणचाळीस लिहिलं. मागे कोच टाळ्या वाजवत होता, बायका बघत होत्या. नंतर बोलू, एवढ्या लोकांत कशाला, असं तिने स्वतःला सांगितलं. नंतर ती बोलली नाही. काय बोलणार होती? पोटाचं बोलायचं तर आकड्याचं बोलावं लागलं असतं, आणि आकड्याचं बोललं की बटणाचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. थोरली सुखात होती आणि ते सुख धाकटीने शिवलेलं होतं. ते उसवायचा तिला धीर झाला नाही.

पाच आठवड्यांनी थोरली स्वागत-टेबलामागेच कोसळली.

इस्पितळात तपासणाऱ्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला सरळ. पोटात पाणी साठलंय, गाठ आहे, बरीच पसरलीय. "पोट कधीपासून वाढतंय?" त्यांनी विचारलं.

"वाढतंय कुठे," थोरलीचा नवरा म्हणाला. तो भला माणूस, बायकोचं जिमचं कार्ड पाकिटात घालून हिंडायचा. त्याने ते काढून दिलं. "बघा ना. बेचाळीस, साडेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. दर महिन्याला कमी झालंय. म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो."

डॉक्टरबाईंनी कार्ड वाचलं, थोरलीच्या पोटाकडे बघितलं, पुन्हा कार्ड वाचलं.

"हे मापलं कुणी?"

"माझ्या जावेने," थोरली पलंगावरून म्हणाली. "तिचा हात चुकत नाही." ती धाकटीकडेच बघत होती.

डॉक्टरबाईंनी कार्ड परत दिलं. एवढंच म्हणाल्या, "तीन महिने आधी आला असतात तर बोलायला पुष्कळ होतं." थोरलीचा नवरा कार्ड पाकिटात नीट ठेवू लागला. धाकटीला वाटलं, आता सांगावं. तिने तोंड उघडलं आणि पाणी हवंय का म्हणून विचारलं.

त्या आठवड्यात ती वर जिममध्ये गेली. भिंतीवर तीन फळांच्या शेजारी थोरलीचा फोटो लागला होता, निळ्या कोटातला, बटण लावलेला. खाली लिहिलं होतं: सफरचंद, बारा आठवडे, तीन इंच.

"काढा तो," धाकटी म्हणाली. "ती इस्पितळात आहे."

कोचचा चेहरा खरोखर पडला. त्याने थोरलीची चौकशी केली, फळं पाठवतो म्हणाला. मग म्हणाला, "पण ताई, आकडे तर तुमच्याच अक्षरातले आहेत." फोटो तिथेच राहिला. धाकटीने टेप गळ्यातून काढून खिशात घातली आणि ती जिना उतरली, पुन्हा वर गेली नाही. पण त्याने कुणाचं काय बरं झालं?

पोटातलं पाणी काढल्यावर आणि शस्त्रक्रिया झाल्यावर थोरलीचं काही उरलंच नाही. डॉक्टरबाईंनी घरच्यांना महिन्यांचा हिशेब सांगितला होता आणि थोरलीने तो दाराआडून ऐकावा तसा सगळ्यांच्या तोंडावरून वाचला होता. एका दुपारी तिने धाकटीला बोलावलं. येताना कोट आणि टेप आण म्हणाली.

तिने इस्पितळाच्या झग्यावरच कोट घातला आणि बटण लावलं. कोट तिच्यावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबला.

"लागलं बघ," ती म्हणाली. "आत घे आता."

"कुठे घालायचाय, वहिनी?"

"मला जिथे नेतील तिथे. ढगळ नको दिसायला. घे माप."

धाकटीने खिशातून टेप काढली. थोरली सावकाश बोलू लागली, स्वागत-टेबलामागून बोलायची त्याच आवाजात.

"बावीस वर्षं तुझ्याकडून शिवून घेतेय. तुझी बोटं गार असतात. पहिल्या मापाला लागली, दुसऱ्याला लागली नाहीत. बटणाचा दोरा नवा होता. मला दिसत नाही होय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला बरं वाटलं. म्हटलं, आयुष्यात एकदा ही माझ्यासाठी खोटं बोलतेय. मी काय कमी टोचलंय तुला? ते खोटं मी घेतलं." तिने कोटाची बाही सरळ केली. "पण शेवटच्या मापाला पोट कसं लागलं तुझ्या हाताला?"

धाकटी टेपची गुंडाळी उलगडत राहिली.

"सांग."

"गच्च."

"चरबीसारखं नाही?"

"नाही."

"आकड्याचं मला कळत होतं. हाताचं तुला एकटीलाच कळलं होतं," थोरली म्हणाली. "तेवढं सांगायचं होतंस. मी तुला बटणावरून एका शब्दाने बोलले नसते."

धाकटी म्हणाली, "चुकलं माझं, वहिनी." इतक्या मोठ्या गोष्टीला ते शब्द फारच आखूड होते आणि त्यांत वाढवायला काही उरलं नव्हतं. थोरलीने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तिने दोन्ही हात बाजूला करून माप द्यायची तयारी केली.

धाकटीने टेप फिरवली. सवयीने तिची दोन बोटं टेपखाली गेली. थोरलीने खाली न बघताच तिचं मनगट धरलं.

"बोटं काढ," ती म्हणाली. "मला आता माया नको."

धाकटीने बोटं काढली. टेप एकतीसवर आली. तिने आकडा मोठ्याने वाचला आणि होता तसाच लिहिला.