तिसऱ्या मनगटावरची रेघ

मित्रांनो, माझी गोष्ट ऐका, पण माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी एक जुना क्रँकशाफ्ट आहे. इंजिनाच्या पोटात पिस्टन वरखाली होतात, त्यांच्या जोरावर मी गोल फिरतो आणि मी फिरलो की गाडी चालते. माझ्या अंगावर चार गुळगुळीत मनगटं आहेत. पिस्टनचे दांडे त्यांनाच घट्ट धरून असतात.

लालबुंद पोलादावर घणाचे घाव पडले, तेव्हा मी घडलो. पहिली बारा वर्षं मी खडी वाहणाऱ्या ट्रकमध्ये काढली. आमचा ड्रायव्हर सकाळी आधी तेल तपासायचा, मग स्वतः चहा प्यायचा. "इंजिन आहे की घड्याळ?" असं लोक विचारत, तेव्हा माझ्याऐवजी तोच लाजायचा. पुढे ट्रक एका घाईच्या माणसाकडे गेला. तेलाचा लाल दिवा लागला तरी तो म्हणाला, "चढ संपला की बघू." चढ संपण्याआधीच तेल संपलं. माझं तिसरं मनगट कोरडंच फिरलं, तापून निळं पडलं आणि इंजिन जाम झालं.

मग दोन वर्षं मी भंगारात पडून होतो. एके दिवशी भंगारवाल्याने मला उचललं, तिसरं मनगट घासून घासून निळेपणा घालवला आणि त्यावर ग्रीस चोळलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी कोणीतरी हात लावत होतं. पण चोळताना तो सारखा रस्त्याकडे का बघतोय, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी तो गिळून टाकला.

मला आणि माझ्या दांड्यांना घेतलं नदीवर बोट चालवणाऱ्या ताईने. तिच्या बोटीतून रोज चाळीस मुलं पलीकडच्या शाळेत जात, त्यात तिची मुलगीही. बोटीचं इंजिन माझ्या ट्रकच्या इंजिनासारखंच होतं, त्याचा क्रँकशाफ्ट तुटला होता आणि नवा यायला सहा आठवडे लागणार होते. तोवर मुलांना लांबच्या पुलावरून दोन तास पायपीट. ताईला माझी घाई होती, हे उघड आहे.

इंजिन बांधणार होता तिचा धाकटा भाऊ, नाना मिस्तरी. त्याला सगळे संशयात्मा म्हणत. पूर्वी एकदा भंगारवाल्याच्या शब्दावर त्याने जुना भाग बसवला आणि बोट भर पाण्यात बंद पडून बंधाऱ्याकडे वाहत गेली. दोरखंड टाकून माणसं ओढून काढावी लागली. तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत होता.

त्याने मला दोरीला टांगलं आणि हातोडीने हलकेच ठोकलं. तडा गेलेलं पोलाद बद्द वाजतं. मी मात्र खणखणीत वाजलो.

"ऐकलंस?" ताई म्हणाली. "आता बसव."

"आवाजाने मी एकदा फसलोय."

मग त्याने मला रॉकेलने पुसलं, कोरडं केलं आणि वरून खडूची पूड लावली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ उमटवतं. रेघ उमटली नाही. ताईने सुटकेचा निःश्वास सोडला. मी तर मनातल्या मनात फिरायलाही लागलो होतो.

नाना तरी मला निरखतच राहिला. "ताई, तीन जागा मळकट आणि एकच चकचकीत. घरातलं एकच भांडं कोण घासतं?"

"ज्यात काहीतरी करपलंय, ते," ताई सावकाश म्हणाली.

त्याने मला सोड्याच्या उकळत्या पाण्यात दुपारभर ठेवलं. फटीत ठासलेलं ग्रीस वितळून गेलं. पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. या वेळी तिसऱ्या मनगटाच्या कोपऱ्यात केसासारखी काळी रेघ हळूहळू उमटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढीशीच तर आहे," ताई म्हणाली.

"नदीच्या मधोमध ती एवढीशी राहणार नाही."

दांडे त्याने एकेक करून तपासले. तीन चांगले निघाले, ते ठेवून घेतले. मला घेतलं नाही. ताईने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "परत देऊ त्याला. बदलून दुसरा देईल. बोट लवकर सुरू होईल."

"देईल ना. आणि याला पुन्हा ग्रीस लावून दुसऱ्या कोणाला तरी विकेल."

ताईने भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कापायचं मशीन तिनेच उचललं.

आता मी दोन तुकड्यांत पडलो आहे. नव्या शाफ्टची वाट बघत ताई मुलांना घेऊन पुलावरून चालते. तिच्या पायांना फोड आले आहेत, हे ऐकून मला फार वाईट वाटतं. पण माझ्यामुळे आता कोणीही बुडणार नाही.

मित्रांनो, जुनं आहे म्हणून कोणाला फेकू नका. माझे तीन दांडे अजून कामाचे आहेत. मात्र वापरण्याआधी नीट तपासा, आणि मनात शंका आली तर आम्हा जुन्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. मी गप्प बसलो होतो. ती चाळीस मुलं वाचली ती नानाच्या संशयामुळे, माझ्यामुळे नव्हे.